चूक सापडल्यानंतर

देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या दप्तरात हिशेब लिहिणाऱ्या एकनाथांची गोष्ट मराठी घरांत लहानपणीच कानावर पडते. एका पैचा मेळ बसेना. सगळे निजले, समईतले तेल सरत आले, आणि उत्तररात्री ती पै सापडली तेव्हा एकनाथांनी आनंदाने टाळी वाजवली. गुरूंनी त्यातून एकाग्रतेचा धडा दिला आणि आपणही ती गोष्ट त्याच अंगाने ऐकत आलो. मी पुढे सरकारी हिशेब तपासण्याच्या नोकरीत आयुष्य काढले, त्यामुळे मला तिची दुसरी बाजू टोचत राहिली. नाथांची पै स्वतःच्या वहीत चुकली होती, म्हणून टाळी वाजवता आली. तीच पै दुसऱ्याच्या वहीत असती, आणि तो दुसरा आपल्या गोपनीय अहवालावर सही करणारा साहेब असता, तर?

या ग्रंथाचा विषय हाच आहे. चूक शोधायला बुद्धी आणि चिकाटी लागते. ती आपल्याकडे कधी कमी नव्हती. सापडलेली चूक सांगता यावी, सांगणाऱ्याचे पोट आणि पद शाबूत राहावे, आणि ऐकणाऱ्याला ती कानाआड करता येऊ नये, यासाठी मात्र रचना लागते. आर्थिक देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा इतिहास हा या रचनेचा इतिहास आहे.

नव्या वाचकासाठी आधी पात्रांची ओळख करून देतो. जिल्हा परिषदेचा एक रस्ता घ्या. कनिष्ठ अभियंता कामाचे माप मोजमाप पुस्तिकेत लिहितो. त्यावरून देयक तयार होते. ते मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्याकडे, म्हणजे कार्यालयीन बोलीतल्या ‘कॅफो’कडे जाते. तरतूद आहे का, मंजुरी आहे का, हेच देयक आधी दिलेले तर नाही ना, हे त्याने पैसे सुटण्याआधी पाहायचे असते. वर्ष सरल्यावर स्थानिक निधी लेखापरीक्षेचे पथक येते, प्रमाणके आणि रोखवह्या उलगडते, शंका आली की अर्धसमास पत्र काढते. पानाच्या एका अर्ध्यात प्रश्न, दुसरा अर्धा उत्तरासाठी कोरा. उत्तर पटले नाही तर त्याचा परिच्छेद होतो. अशा परिच्छेदांचे अहवाल पुढे विधिमंडळाच्या पंचायत राज समितीपुढे जातात. खाजगी कंपनीतही साखळी अशीच असते, फक्त नावे वेगळी. मुख्य वित्त अधिकारी, अंतर्गत लेखापरीक्षक, बाहेरचा वैधानिक लेखापरीक्षक, संचालक मंडळाची लेखापरीक्षण समिती आणि या सर्वांवर नजर ठेवणारे नियामक. काही जण खर्चाच्या आधी उभे असतात, काही खर्चाबरोबर चालतात, काही मागून येतात. प्रत्येकाबद्दल तीन प्रश्न विचारले की त्याची खरी ताकद कळते. त्याला नेमतो कोण? काढू शकतो कोण? त्याचा अहवाल कोणाच्या टेबलावर जातो?

हे प्रश्न मी पुस्तकात वाचले नाहीत. नोकरीच्या सुरुवातीला एका तालुक्यात नालाबांधांची कामे तपासत होतो. कागद चोख होते. मापे, सह्या, दाखले, सगळे जागच्या जागी. जागेवर गेलो तेव्हा बांधावर गुरे राखणारे एक म्हातारबाबा सहज म्हणाले, “ह्यो बांध व्हय? आमचं पोरगं पहिलीत होतं तवाचा हाय.” पोरगे तेव्हा दहावीला होते. जुन्याच बांधाचे नवे माप लिहून दुसऱ्यांदा पैसे उचलले गेले होते. अर्धसमास पत्र काढले. उत्तर आले नाही, पण दोनच दिवसांत विश्रामगृहातली खोली ‘अचानक आरक्षित’ झाली आणि वरिष्ठांनी प्रेमाने समजावले की वसूलपात्र रक्कम लहान आहे, फार ताणू नये. परिच्छेद अहवालात गेला, एवढे मात्र खरे. ती हिंमत माझी नव्हती. माझी बदली ज्यांच्या हातात होती ते त्या कार्यालयाच्या पगारपत्रकावर नव्हते, म्हणून तो गेला.

हे मर्म आपल्याकडे फार आधी कळले होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजलेले आहेत आणि वर्षाचे हिशेब आषाढात आणून देण्याची शिस्त सांगितली आहे. पण अपहाराची यादी करणे वेगळे आणि अपहार उघड करणाऱ्याला संरक्षण देणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीचा एक ठोस नमुना मराठी राज्यात सापडतो. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत जमाखर्चाचा प्रधान स्वतंत्र होता. तो अमात्य, म्हणजेच मुजुमदार. पुढे पेशवाईत जिल्ह्याच्या मामलेदाराशेजारी दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस असे दरकदार बसवलेले असत. मामलेदार वसूल करी आणि खर्ची घाली. पण या दरकदारांना तो नेमू शकत नसे आणि काढूही शकत नसे. हिशेबाच्या कागदावर त्यांची खूण लागे. म्हणजे खर्च करणारा आणि हिशेब लिहिणारा एकाच कचेरीत बसत, पण एकमेकांच्या मेहेरबानीवर जगत नसत. आज ही पदे आडनावे होऊन मोबाइलच्या यादीत राहिली आहेत. त्यांच्याबरोबरचे ‘झाडा’ आणि ‘झडती’ हे शब्द मुळात हिशेबाच्या कागदांतले. आता झाडाझडती म्हटली की पोलीस आठवतात.

या व्यवस्थेचा शेवटही शिकण्यासारखा आहे. दरक वंशपरंपरागत झाले तसे काहींना ते कामापेक्षा वतन वाटू लागले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती जास्त बोली लावणाऱ्याला मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या. ज्याने वसुलीचा आकडा आधीच भरला, त्याच्या वहीत डोकावण्यात सरकारला रस उरेना. दरकदार होते, दप्तर होते, मोडीतले सुबक अक्षरही होते. तपासणीला अर्थ उरला नव्हता. पद जिवंत ठेवून त्याचा प्राण काढून घेता येतो. या ग्रंथात हे वेगवेगळ्या काळांत पुन्हा भेटेल.

आधुनिक देखरेखीचा एक उगम मुंबईच्या रस्त्यांवर आहे. १८६५ नंतर पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शहराचा कायापालट करायला घेतला आणि तिजोरी रिकामी केली. १८७१ साली करदाते भडकले. क्रॉफर्डना घालवा, अशी हाक होती. तरुण फिरोजशहा मेहता मात्र वेगळे बोलले. माणूस कर्तबगार आहे, दोष त्याच्यावर लगाम नसलेल्या व्यवस्थेचा आहे, असा त्यांचा रोख होता. १८७२ च्या कायद्याने करदात्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असलेली महापालिका उभी राहिली आणि १८८८ च्या कायद्याने तिला पक्का आकार दिला. आजही मुंबई महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक आपला अहवाल स्थायी समितीकडे देतो. खर्च आयुक्ताचा, अहवाल नगरसेवकांकडे. क्रॉफर्ड यांच्या नावाचे मार्केट सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या उधळपट्टीने दिलेली ही देणगी कोणी सांगत नाही.

देशपातळीवर कंपनी सरकार संपून राणीचे राज्य आले, १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी पहिला अर्थसंकल्प मांडला आणि त्याच वर्षी पहिले ऑडिटर जनरल नेमले गेले. तेव्हाची देखरेख लंडनसाठी होती. हिंदुस्थानातल्या खर्चावर विलायतेतल्या मालकाची नजर. मालक बदलला की प्रश्नही बदलतो. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले की हा अधिकारी राज्यघटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, आणि त्याचे काम न्यायसंस्थेपेक्षाही मोलाचे आहे. संसदेने मंजूर केलेला पैसा मंजूर कामासाठीच गेला का, हे तोच पाहणार होता. त्याच भाषणात त्यांनी खंतही सांगितली की, कर्मचारी नेमण्याचे जे स्वातंत्र्य न्यायालयांना दिले ते या पदाला दिलेले नाही. कलम १४८ ते १५१ मध्ये भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे ‘कॅग’, उभे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याची जी पद्धत, तीच त्यांची. पद सोडल्यावर सरकारी नेमणूक नाही. पगार संचित निधीवर भारित. काढण्याचा प्रश्न घटनेने भक्कम सोडवला. नेमण्याचा मात्र सरकारच्या हाती राहिला, आणि त्यावरची टीका आजही थांबलेली नाही.

जगात या पदाची तीन घराणी मानतात. ब्रिटिश घराण्यात एक अधिकारी अहवाल लिहितो आणि लोकलेखा समिती त्यावर साहेबांना समोर बसवून विचारते. १८६६ चा ग्लॅडस्टनकालीन कायदा हा त्याचा पाया. फ्रेंच घराण्यात १८०७ पासून लेखा-न्यायालय आहे. तिथे तपासणारे न्यायाधीशाच्या दर्जाचे असतात आणि त्या परंपरेत दोषी हिशेबनिसावर थेट जबाबदारी ठरवता येते. तिसऱ्या घराण्यात एका व्यक्तीऐवजी मंडळ निर्णय घेते, जपानसारखे. आपण पहिल्या घराण्यातले. म्हणून आपला कॅग दंड करू शकत नाही, वसुलीही करू शकत नाही. नावात ‘नियंत्रक’ असले तरी ब्रिटनमध्ये लागते तशी तिजोरीतून पैसा सोडण्याआधी त्याची संमती इथे लागत नाही. त्याचे सगळे बळ अहवालात आणि अहवाल वाचणाऱ्या समितीत आहे. १९६७ पासून संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात पडला, तो या रचनेचा कणा आहे. समिती बसली नाही, अहवाल उशिरा मांडला, तर सगळे घराणेच मुके होते.

तपासायचे काय, यावरही मतभेद आहेत. जुनी शाळा नियमांची. मंजुरी, तरतूद, पावती. दुसरी औचित्याची. नियमात बसते, पण जनतेचा पैसा इतक्या सैल हाताने खर्चावा का? तिसरी फलिताची. धरण बांधले, पैसे नियमाने दिले, पण शिवारात पाणी आले का? महाराष्ट्राला तिसऱ्या प्रश्नाचे मोल सिंचनाच्या वादाने चांगले शिकवले आहे. पण प्रश्न जितका मोठा, तितका तपासणारा धोरणाच्या अंगणात शिरतो आणि वाद ओढवून घेतो. कॅगच्या २०१० च्या दूरसंचार अहवालात १.७६ लाख कोटींचा संभाव्य तोटा मांडला गेला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. एकाच प्रकरणाचे हे दोन शेवट पाहून वाचक गोंधळतो. गोंधळाचे कारण असे की लेखापरीक्षेचा आक्षेप, परवान्याची वैधता आणि फौजदारी गुन्हा या तीन निराळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा पुरावा निराळा लागतो. तोट्याचा अंदाज हा खिशातून गेलेल्या पैशाचा पुरावा नसतो. आरोपी सुटला म्हणून निर्णय शहाणपणाचा ठरत नाही. हा भेद सुटला की एक बाजू कॅगला देव करते, दुसरी दलाल म्हणते.

व्यापारात तर मूळ गाठच अवघड आहे. इथे तपासणाऱ्याची फी तपासला जाणाराच देतो. कागदावर लेखापरीक्षक भागधारकांनी नेमायचा. प्रत्यक्षात तो बहुतेकदा प्रवर्तकांच्या पसंतीचा असतो. १८९६ च्या किंग्स्टन कॉटन मिल खटल्यात इंग्रज न्यायाधीशांनी लेखापरीक्षक हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, असा निवाडा दिला, आणि ती उपमा शतकभर व्यवसायाची ढाल झाली. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या संगणकसेवा कंपनीच्या रामलिंग राजूंनी स्वतःच पत्र लिहून कळवले की ताळेबंदातले सुमारे ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत, तेव्हा लोकांनी विचारले की राखण्या निदान भुंकला का नाही? बँकेत शिल्लक किती, याची खातरजमा बँकेकडून थेट करायची हा लेखापरीक्षणाचा पहिलीतला धडा. नेमका तोच गळला होता.

त्यानंतर बरेच बदलले. २०१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षक ठरावीक काळानंतर बदलणे सक्तीचे केले, घोटाळा दिसल्यास सरकारला कळवण्याची जबाबदारी टाकली, मुदतीआधी त्याला काढायचे तर केंद्राची पूर्वसंमती घेण्याची अट कायम ठेवली. २०१८ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण आले. व्यवसायाने स्वतःच स्वतःला शिस्त लावायची, हा १९४९ पासूनचा शिरस्ता मोठ्या कंपन्यांपुरता संपला. मग नवीच वाट निघाली. काढता येत नाही म्हटल्यावर लेखापरीक्षक मध्येच ‘राजीनामा’ देऊ लागले. २०१९ मध्ये शेअर बाजाराचे नियामक असलेल्या सेबीला सांगावे लागले की जाण्याआधी हातातल्या तिमाहीचे काम पुरे करून जा.

अंतर्गत देखरेखीची कथा याहून साधी आणि म्हणून अधिक बोचरी. मुंबईच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतून पंजाब नॅशनल बँकेची अनधिकृत हमीपत्रे वर्षानुवर्षे परदेशी संदेशप्रणालीतून जात होती आणि बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत त्यांची नोंद होत नव्हती. दोन वह्या एकमेकींशी कधी ताडून पाहिल्याच गेल्या नाहीत. जुन्या भाषेत सांगायचे तर ताळाच घेतला नाही. उलट उदाहरण अमेरिकेतले. २००२ मध्ये वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीतला अब्जावधी डॉलरचा फेरफार सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत पथकाने शोधला, बराचसा रात्री बसून, कारण दिवसा साहेबांची नजर असे. एकनाथांशी तुलना करायची तर अशी करावी: रात्र तीच, चिकाटी तीच, टाळी मात्र वाजवायची सोय नाही.

महाराष्ट्राला सरकार आणि व्यापार यांच्यामधला तिसरा प्रांत आहे, सहकाराचा. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी कारखाना उभा केला तेव्हा सभासद हाच मालक आणि राखणदार असेल, ही श्रद्धा होती. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचे कलम ८१ लेखापरीक्षणाचे, कलम ८८ नुकसान वसुलीचे. गावात संस्थेला ‘अ’ वर्ग मिळाल्याचा फलक अजून अभिमानाने लागतो. पण लेखापरीक्षक, कर्जदार, संचालक आणि आमदार एकाच पंगतीत बसू लागले की वर्ग ‘अ’ राहतो आणि ठेवी जातात. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना आधी फक्त एक हजार रुपये काढता येत होते. एकाच उद्योगसमूहाची कर्जे झाकायला हजारो बनावट खाती उभी केल्याचे बाहेर आले. रांगेत उभ्या असलेल्या निवृत्त माणसाला लेखापरीक्षा म्हणजे काय, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगले कळले असेल.

आज हा विषय निकडीचा का, याचे उत्तर या प्रकरणांतच आहे. पैसा आता खात्यात थेट पडतो, निविदा संगणकावर निघतात, देयके ऑनलाइन मंजूर होतात. यामुळे चोरीच्या जुन्या वाटा बुजल्या, हे खरे. पण संगणक पुसतो ते खाडाखोडीचे डाग. जुन्याच बांधाचे नवे माप त्याला तितक्याच निमूटपणे भरता येते. दुसरीकडे पैसा खाली उतरला आहे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायती आणि नगरपालिका पूर्वीपेक्षा मोठे खर्च करतात, आणि त्यांचे हिशेब समजणारी माणसे तितक्या वेगाने वाढलेली नाहीत. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने २००५ साली सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेच्या हाती दिले. हजेरीपट मोठ्याने वाचला की मेलेल्या माणसाच्या नावावरची मजुरी गाव तिथल्या तिथे ओळखते. राजस्थानातल्या जनसुनावण्यांनी शिकवलेला हा धडा. सरकारी लेखापरीक्षक कागदाकडून जागेकडे जातो. ग्रामसभा जागेकडून कागदाकडे येते. दोघांची गाठ पडली की चूक लपणे अवघड.

हा ग्रंथ त्या गाठीसाठी आहे. यातले लेखक कोषागारात, महापालिकेत, बँकेत, साखर कारखान्यात आणि सनदी लेखापालांच्या कचेऱ्यांत काम केलेले आहेत. नियम कुठे मिळतील हे त्यांनी सांगितलेले नाही. नियम पाळताना काय घडते, ते सांगितले आहे. वाचकाने वर दिलेले तीन प्रश्न हाताशी ठेवून प्रत्येक लेख वाचावा, एवढीच विनंती. घोटाळ्यांची रंगतदार मालिका शोधणाऱ्याची निराशा होईल. संपादकांनी आरोपींपेक्षा आक्षेपांकडे अधिक पाहिले आहे, कारण आरोपी बदलतात आणि आक्षेपाचा ठसा तोच राहतो. लेखकांचे आपापसांत पटतेही नाही. कोणाला आधीची तपासणी वाढवावी असे वाटते, कोणाला तिच्यामुळे कामे अडतात आणि अधिकारी सही करायला घाबरतात हे जास्त दिसते. मला दोघांचेही म्हणणे अनुभवाला पटते. वाद मिटवण्याचा आव संपादकांनी आणला नाही, हे बरे केले.

काही वर्षांनी त्याच तालुक्यात एका लग्नाला गेलो होतो. वाट वाकडी करून बांधाकडे गेलो. म्हातारबाबा आणखी वाकले होते, पण त्यांनी ओळखले. “सायेब, त्या बांधाचं पुढं काय झालं?” त्यांनी विचारले. परिच्छेद प्रलंबित होता. माप लिहिणारा अभियंता निवृत्त झाला होता, फाइल एका विभागातून दुसऱ्यात गेली होती, समितीच्या बैठकीत तो विषय आला नव्हता. यातले काय आणि कसे सांगावे, हे मला तेव्हा सुचले नाही. “चौकशी चालू आहे” म्हणालो आणि गाडीत बसलो. त्यांना द्यायला हवे होते ते उत्तर एका माणसाच्या आवाक्यातले नव्हते. पुढच्या पानांत ते अनेकांनी मिळून द्यायचा प्रयत्न केला आहे.